कलत्या चाकाचा हिशेब: बेअरिंग बदलण्याआधी चिकटपट्टी लावून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. 26 इंची सायकलच्या रिमवर आठ कड्या बिजागरीसारख्या बसवल्या आहेत. प्रत्येक कडी 10 सेंटिमीटर लांब, टोकाला वॉशरचा 100 ग्रॅमचा गठ्ठा. कडीचा बोल्ट आसापासून 27 सेंटिमीटरवर. कडी सरळ बाहेर रोखलेल्या रेषेपासून 60 अंश मागे आणि 30 अंश पुढे एवढीच झुलते, दोन्हीकडे अडसर आहेत. उतरत्या बाजूला वजनं लांब फेकली जातात, चढत्या बाजूला जवळ येतात. उतरती बाजू सदा जड, तर चाक सदा फिरायला हवं; हेच कलतं चाक. प्रत्यक्षात हाताने गती दिली की टक्-टक् करत दीड-दोन फेरे घेतं आणि थांबतं. आता कमी घर्षणाचं सिरॅमिक बेअरिंग टाकावं का, आणि कड्या आठाच्या बारा कराव्यात का?

दोन्ही नको. आधी चिकटपट्टी आणा.

आठही कड्या मागच्या अडसराला टेकवून पट्टीने घट्ट बांधा, म्हणजे काहीच हलणार नाही. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक ठोके देणारं अ‍ॅप, मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा आणि तीन ठोक्यांत दोन फेरे, म्हणजे मिनिटाला 40 फेऱ्यांची गती द्या. हात काढल्यापासून थांबेपर्यंतचे फेरे मोजा. तीनदा मोजा, सरासरी घ्या. मग पट्ट्या काढून त्याच गतीने तेच मोजा. गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या कुठल्याही चाकाची पहिली परीक्षा हीच: मोकळं चाक स्वतःच्याच बांधलेल्या रूपापेक्षा जास्त फिरतं का? बेअरिंग तेच, हवा तीच, वजन तेच, फरक फक्त कड्या हलण्याचा. कड्या हलल्याने चाकाला काही मिळत असेल तर ते इथे दिसलंच पाहिजे.

आता आकडे. रिम, आरे आणि वजनं धरून या चाकाचं जडत्वाघूर्ण, म्हणजे फिरण्यातला जडपणा, साधारण 0.16 किलोग्रॅम-मीटर वर्ग येतं. मिनिटाला 40 फेऱ्यांना त्यात सुमारे 1.4 ज्यूल गतिज ऊर्जा असते. समजा बांधलेलं चाक 45 फेरे फिरलं, तर बेअरिंग आणि हवा मिळून दर फेऱ्याला 0.03 ज्यूल खातात. आता मोकळं चाक. कडी पलटते तेव्हा 100 ग्रॅमचं वजन कडीच्या लांबीइतकं, म्हणजे 10 सेंटिमीटर खाली पडतं. 0.1 × 9.8 × 0.1, म्हणजे जवळपास 0.1 ज्यूल. एका फेऱ्यात अशा आठ पलट्या, मिळून 0.78 ज्यूल. 1.4 ला 0.78 ने भागा: 1.8 फेरे. तुमचं चाक दीड-दोन फेऱ्यांत थांबतं ते असं. वेगात पलटण्याची जागा थोडी पुढे सरकते, त्यामुळे आकडा काटेकोर नाही, पण पल्ला हाच.

म्हणजे जो टक् आवाज ऐकून चाक ‘जोर घेतंय’ असं वाटतं, तीच गळती आहे. ते वजन चाकानेच वर चढवलं होतं. पडताना त्याने ती ऊर्जा चाकाला परत न देता बहुतेक सगळी अडसरावर आपटून आवाजात, कंपात आणि उष्णतेत घालवली. अडसराला रबर चिकटवलंत तर आवाज जाईल, गळती तशीच राहील. रबर किंचित कोमट होईल इतकंच.

‘पण उतरती बाजू जड आहे हे तर डोळ्यांना दिसतंय!’ दिसतं ते अर्धंच. चाकाला घड्याळाची तबकडी समजा, चाक काट्यांच्या दिशेने फिरतंय. तुमच्या अडसरांच्या जागा बघता कडी मागे टेकून चढते, बाराचा आकडा ओलांडते आणि दोनच्या आकड्यावर पलटते. तिथून पाचपर्यंत पुढच्या अडसरावर टेकून उतरते. पाच ते आठ नुसती ओळंब्यासारखी लोंबते. आठनंतर मागचा अडसर तिला उचलतो. आता एक कडी बरोबर बारावर असताना चाक धरून ठेवा आणि प्रत्येक वजनाचं आसातून जाणाऱ्या उभ्या रेषेपासूनचं आडवं अंतर मोजा. ओळंबा सोडून पट्टीने मोजलंत तरी चालेल. उजवीकडे तीन वजनं मिळतील: 16.5, 35.7 आणि 21.7 सेंटिमीटर. बेरीज 73.9. डावीकडे चार: 8.7, 19.1, 32.0 आणि 28.8. बेरीज 88.6. आठवं बरोबर खाली, अंतर शून्य. प्रत्येक वजन सारखंच असल्याने तुलना थेट अंतरांची. डावी बाजू 14.7 ने जास्त भरली, म्हणजे चाक उलट्या दिशेला ओढलं जातंय!

डोळा फसतो तो तीनच्या आणि नऊच्या आकड्यांवर. तिथे 35.7 विरुद्ध 32.0 दिसतं आणि मन म्हणतं, उजवी जड. पण लांब गेलेली वजनं संख्येने कमी असतात. चढत्या बाजूची वजनं आसाजवळ असली तरी त्यांची गर्दी जास्त. शिवाय बारावरची कडी मागे कललेली असल्याने तिचं वजन अजून डावीकडेच असतं, ते चित्रात कोणी मोजत नाही. कागदावर चाक काढणारा माणूस नेहमी सोयीची एकच स्थिती काढतो.

तेव्हा एकाच स्थितीवर न थांबता पूर्ण मोजणी करा. आठ कड्या असल्याने दर 45 अंशांनी तेच चित्र परत येतं, म्हणून 45 अंशांत 5-5 अंशांवर नऊ वाचनं पुरतात. कंपासपेटीतला कोनमापक आसाजवळ चिकटवा, सुईसारखी तार दर्शक म्हणून लावा. प्रत्येक वाचनाला रिमवर बरोबर तीनच्या जागी तारेचा आकडा अडकवा, त्याला प्लॅस्टिकचं झाकण टांगून पारडं करा आणि चाक जेमतेम पुढे सरकू लागेपर्यंत त्यात नाणी किंवा नट टाका. मग आकडा आणि पारड्यासकट सगळं डिजिटल काट्यावर तोला. बेअरिंग चिकटून बसू नये म्हणून स्टँडला बोटाने हलकेच टिचक्या मारत राहा.

एक गोष्ट सांभाळा. चाक कायम पुढच्याच दिशेने आणत वाचनं घ्या. दोनवर पलटलेली कडी चाक मागे फिरवल्यावर दोनलाच परत पलटत नाही, ती अकराच्या आकड्यापर्यंत मागे नेल्यावरच पलटते. त्यामुळे वाचनाची जागा चुकून ओलांडली तर पाच अंश मागे येऊन भागत नाही. पाव फेऱ्याहून जास्त मागे जा आणि परत पुढे या. नाहीतर कड्यांची मांडणी वेगळीच असते, वाचनं आपसात जुळत नाहीत, आणि अशा न जुळणाऱ्या वाचनांमधूनच ‘कधीकधी जादा जोर मिळतो’ अशा समजुती निघतात.

आलेखावर करवतीचे दाते दिसतील. कडी पलटल्या पलटल्या पुढे सरकवायला सुमारे 26 ग्रॅम लागतात. मग आकडा चढत जातो आणि पुढची कडी पलटण्याच्या ऐन आधी 63 ग्रॅमपर्यंत पोचतो. टक्, पुन्हा 26. सरासरी सुमारे 47 ग्रॅम. अशा पुढे आणत घेतलेल्या वाचनांत या चाकाला स्वतःहून पुढे जायला भाग पाडणारी एकही स्थिती नाही. आणि बेअरिंग? मघाचे दर फेऱ्याचे 0.03 ज्यूल याच भाषेत मांडले तर रिमवर जेमतेम 2 ग्रॅम भरतात. सिरॅमिक बेअरिंगने या 2 चा 1 होईल. 47 तसेच राहतील.

बारा कड्या केल्या तर फेऱ्यात बारा पलट्या. 47 चे 70 ग्रॅम होतील. वजन दुप्पट केलं तर 94. कडी 15 सेंटिमीटर केली तरी 70 च्या घरात. चाक मोठं केलं तर रिमवर टांगायचे ग्रॅम कमी दिसतील, पण दर फेऱ्याची गळती तीच, कारण ती पलटीच्या उंचीवर ठरते, चाकाच्या व्यासावर नाही. ‘लहान नमुना चालला नाही, मोठा चालेल’ या आशेवर लोक वेल्डिंगवाल्याकडे दोन दोन मीटरची चाकं करायला टाकतात, त्याआधी हे वाक्य वाचावं.

मग पलटीच काढून टाकली तर? वजन खोबणीतून किंवा रुळावरून हळूहळू आत-बाहेर नेलं, कुठे आपटूच दिलं नाही तर? हा विचार पहिल्यापेक्षा चांगला आहे. इथे आलेख बदलतो: काही स्थितींत चाक खरोखर पुढे ओढतं, काही स्थितींत तेवढंच मागे. नऊ वाचनांची बेरीज शून्याजवळ येते. कारण साधं आहे. वजन कुठल्याही वाकड्यातिकड्या वाटेने नेलं तरी फेरा पूर्ण झाल्यावर ते निघालं त्याच उंचीवर येतं. जितकं उतरलं तितकंच चढलं. गुरुत्वाकर्षण उंचीचाच हिशेब ठेवतं, वाट कोणती धरली ते विचारत नाही. त्यामुळे आदर्श रुळाचं चाक म्हणजे महागडं, किचकट, पण साधं समतोल चाकच, वर रुळाच्या घर्षणाचा भुर्दंड. स्प्रिंगा, दोऱ्या, दात्यांची चक्रं घालून वजन ‘योग्य वेळी’ सरकवणाऱ्या रचनांचंही तेच. स्प्रिंग ताणायला लागलेलं काम जिथून येतं ते वेगळं मोजलं की बेरीज जुळते. फ्लेमिश गणिती सायमन स्टेविनने 1586 मध्ये उतरणीवर टाकलेल्या 14 गोळ्यांच्या माळेने हेच उलटं वापरलं: माळ आपोआप फिरत राहणार नाही हे गृहीत धरून त्याने उतरणीवरच्या वजनांचा नियमच काढला.

जास्त वेगातली एक फसगत मात्र सगळ्यांना एकदा तरी गाठते. चाक जोरात फिरवलं तर टक्-टक् बंद होते आणि चाक गुळगुळीत, बराच वेळ फिरतं. ‘वेग आला की पकड घेतं’ असं मग लिहिलं जातं. तुमच्या मापांत मिनिटाला साधारण 60 फेऱ्यांच्या पुढे वजनांना बाहेर फेकणारं बल त्यांच्या भाराएवढं होतं. कड्या बाहेर रोखून उभ्या राहतात, पलटतच नाहीत. त्या वेळी ते कलतं चाक उरलेलंच नसतं, साधं फ्लायव्हील, म्हणजे नुसतं गती साठवणारं जड चाक, झालेलं असतं. वेग 60 च्या खाली उतरला की पहिली टक् ऐकू येते आणि तिथून चारेक फेऱ्यांत खेळ संपतो. म्हणून बांधलेल्या-मोकळ्याची तुलना 40 वरच करा, 100 वर नाही.

चाक स्वतःहून सुरू होतं, पाव फेरा जातं आणि थांबतं, हेही नेहमीचं. हाताने धरून ठेवलेली जागा समतोलाची नसेल तर ते जवळच्या समतोलापर्यंत सरकणारच. दर वेळी आठांपैकी कुठल्याही जागी थांबत असेल तर चाक नीट बनलंय. दर वेळी एकाच जागी थांबत असेल तर एखादा वॉशरचा गठ्ठा दोन-चार ग्रॅमने जड आहे, किंवा रिमच्या सांध्याचा भार निघालेला नाही. कड्या बांधून आधी समतोल साधा, हलक्या बाजूला चिकटमातीची गोळी लावून. कडीचा बोल्ट फार आवळलेला असेल तर कडी उशिरा पलटते; नायलॉनवाला नट घ्या आणि कडी आपल्या भाराने सैल पडेल इतकाच आवळा.

या कल्पनेची मुळं आपल्याकडे जुनी आहेत. ब्रह्मगुप्ताच्या 628 सालच्या ग्रंथात पारा भरलेल्या आऱ्यांचं चाक येतं. भास्कराचार्यांनी 1150 च्या सिद्धांतशिरोमणीत, गोलाध्यायातल्या यंत्रांच्या भागात, असंच स्वयंवह, म्हणजे आपोआप चालणारं, यंत्र सांगितलं आहे: हलक्या लाकडाचं चाक, सारख्या अंतरावर सारख्या पोकळीचे, एकाच बाजूला किंचित वाकवलेले आरे, त्यांत अर्ध्यापर्यंत पारा, तोंडं बंद, आस दोन खांबांवर. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे हे नाव महाराष्ट्राला विशेष जवळचं, त्यामुळे ‘आपल्या पूर्वजांना जमलं होतं’ असा सूर लगेच लागतो. ग्रंथात रचना आहे. ती रचना मोजून बघायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. फक्त पारा घेऊ नका, त्याची वाफ विषारी असते आणि फुटलेल्या नळीतला पारा फरशीच्या फटींतून निघत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळ्या घ्या, एकसारख्या वाकवा, रंगीत पाणी अर्ध्यापर्यंत भरा, तोंडं सील करा. पाणी पाऱ्यापेक्षा 13.6 पट हलकं, पण त्याने फक्त जोराचा आकडा बदलतो, दिशा बदलत नाही. चाक सोडल्यावर थोडं डुलेल आणि स्थिरावेल. द्रव सगळ्या आऱ्यांत मिळून आसाच्या खाली जमतो, त्याचा गुरुत्वमध्य खालच्या बाजूला येतो आणि चाक लंबकासारखं वागतं. इथे आपटण्याऐवजी पाण्याचं खळखळणं ऊर्जा खातं.

मग योहान बेसलरचं काय, हा पुढचा प्रश्न ठरलेला. जर्मनीत 1712 पासून त्याने एकापेक्षा एक मोठी चाकं दाखवली. कॅसलजवळच्या वाड्यातलं चाक सुमारे 12 फूट व्यासाचं, मिनिटाला 26 फेरे घेणारं. नोव्हेंबर 1717 मध्ये ते सीलबंद खोलीत ठेवलं, जानेवारी 1718 मध्ये उघडलं तेव्हा फिरत होतं. पण चाक मेणकापडाने झाकलेलं असे आणि आतलं यंत्र त्याच्या आश्रयदात्या सरदाराखेरीज कोणाला बघू दिलं नाही. 1721 मध्ये ग्रावेसांद या डच शास्त्रज्ञाने ते बाहेरून तपासलं, तर बेसलरने चिडून चाकच फोडलं. पुढे 1727 मध्ये त्याच्या मोलकरणीने साक्ष दिली की शेजारच्या खोलीतून आळीपाळीने ते फिरवलं जाई. साक्ष खरी की रागाची, यावर आजही वाद घालतात. मोजणाऱ्याच्या दृष्टीने वादाची गरज नाही: ज्या चाकाच्या आत बघता येत नाही, त्याचा ऊर्जेचा हिशेब मांडता येत नाही.

रेडहेफरच्या ‘आपोआप सदा चालणाऱ्या’ यंत्राची गोष्ट जास्त उपयोगाची. ते अमेरिकेत फिलाडेल्फियात 1812 मध्ये आणि मग न्यूयॉर्कला तिकीट लावून दाखवत. वाफेच्या बोटीवाला रॉबर्ट फुल्टन ते बघायला गेला आणि बघण्याऐवजी ऐकत उभा राहिला. गती दर फेऱ्यात थोडी वाढत आणि थोडी मंदावत होती, हाताने हँडल फिरवल्यावर होते तशी. त्याने भिंतीकडच्या फळ्या काढल्या, आत तातीचा (जनावराच्या आतड्याच्या दोरीचा) पट्टा निघाला, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला वरच्या खोलीत एक दाढीवाला म्हातारा पाव खात हँडल फिरवत बसलेला. व्हिडिओ तपासतानाही हेच करा: आवाज ऐका, फेऱ्याफेऱ्यातली गती बघा. आता म्हाताऱ्याचीही गरज नाही. सीआर2032 या बटण सेलमध्ये सुमारे 2,400 ज्यूल असतात. कड्या न आपटणाऱ्या तुमच्या चाकाला दर फेऱ्याला 0.03 ज्यूल लागतात, म्हणजे 40 च्या गतीने तो सेल तीस तासांहून जास्त पुरेल. अर्धी ऊर्जा मोटारीत वाया गेली तरी पंधरा तास. आणि असा सेल हबच्या पोकळीत मावतो. लोहचुंबकांच्या ‘मोटारी’ही याच वर्गात येतात. चुंबकाकडे ओढलं जाताना मिळालेलं, त्याच्यापासून सुटताना द्यावं लागतं.

फ्रेंच अकादमीने 1775 मध्येच अशी यंत्रं तपासणं थांबवलं. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात कलम 3(अ) नुसार प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारी गोष्ट शोधच मानली जात नाही. अर्जाची फी भरून मग हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

चावी न देता चालणारंच काही करायचं असेल, तर न्यूझीलंडमध्ये डुनेडिनला आर्थर बेव्हर्लीने 1864 मध्ये केलेलं घड्याळ बघण्यासारखं आहे. ते आता ओटॅगो विद्यापीठात आहे. त्यात सुमारे 28 लिटरची हवाबंद पेटी आहे. दिवसा हवा तापून फुगते, रात्री आकसते आणि तिचा पडदा वजन वर उचलतो. दिवसभरात सुमारे 3.3 अंश सेल्सिअसचा फरक पडला तर एक पौंड वजन एक इंच वर जाण्याइतकं काम मिळतं, म्हणजे 0.11 ज्यूल. साफसफाईसाठी आणि बिघडल्यावर ते थांबलं आहे, तापमान फारसं बदललं नाही तेव्हाही थांबलं आहे, पण चावी त्याला द्यावी लागत नाही. त्याची एका दिवसाची कमाई म्हणजे तुमच्या चाकाची एक टक्. तेव्हा हवाबंद पेटी आणि पातळ पडदा यांवर हात बसवा. सुरुवातीला 20 लिटरचा पाण्याचा जार, तोंडावर ताणून बांधलेला फुगा आणि फुग्याच्या मधोमध चिकटवलेली झाडूची काडी पुरे. जार सावलीत ठेवा. काडीच्या टोकामागे पट्टी उभी करून सकाळ-दुपारचं वाचन आठवडाभर लिहून ठेवा, शेजारी थर्मामीटर असू द्या. हवेचा दाब बदलला तरी काडी हलते, म्हणून पावसाळी दिवसांची वाचनं वेगळी लिहा.